जागता कोळसा

कोळशाचा तुकडा जिभेवर ठेवून त्याची परीक्षा करणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते आमचे गोंदियाचे घरमालक. अख्खी गल्ली त्यांना काकाजी म्हणायची, म्हणून आम्हीही काकाजीच म्हणू लागलो. त्यांना दुसरं काही नाव असेल हे पुढे कित्येक दिवस माझ्या मनातही आलं नाही.

देशाला स्वातंत्र्य मिळून फार दिवस झाले नव्हते. माझ्या यजमानांना तिथल्या शाळेत मास्तरकी मिळाली आणि मी वर्ध्याहून एक ट्रंक, एक पाटा-वरवंटा आणि नाकाच्या शेंड्यावर राग घेऊन गोंदियाच्या स्टेशनावर उतरले. राग गावावर होता. उतरल्या उतरल्या चारी बाजूंनी हिंदी कानावर आदळली, आणि मग तो वास आला. उसन्या म्हणजे उकड्या तांदळाच्या गिरण्यांत धान हौदात भिजत घालतात आणि ते पाणी मागच्या नाल्यात सोडून देतात. त्याचा आंबूस वास साऱ्या वस्तीवर बसून असायचा. आमच्या घरामागेच तशी एक गिरणी होती आणि विहिरीच्या पाण्यालाही तोच वास होता. पहिल्या दिवशी मी घागर भरून वळते तर दारात एक उंच, वाळका माणूस उभा. धोतर पांढरंशुभ्र आणि दोन्ही हात मनगटापर्यंत काळे. नमस्कार नाही, चौकशी नाही. सरळ घागरीवर वाकून त्यांनी पाणी हुंगलं.

"सूनबाई, हे पानी पिऊन राहिल्या तुमी?"

"मग काय करू? विहीर तुमचीच आहे ना?"

"विहीर माही हाय. वास गिरनीचा हाय. उतरवा घागर."

घागर त्यांनी अंगणात ओतून दिली. थोड्या वेळाने एक लाकडी घडवंची आणली, तिच्यावर एकाखाली एक अशी तीन मडकी मांडली. वरच्या मडक्यात वाळू, मधल्यात कोळशाची बारीक चुरी, खालचं रिकामं. वरच्या दोघांच्या बुडाला भोक आणि भोकात कापसाची वात. ती कोळशाची चुरी धुवायचं काम माझ्याकडे आलं. काळं पाणी निघायचं थांबेपर्यंत धुवायची, असा हुकूम होता. मी दुपारभर धुतली आणि दुपारभर मनातल्या मनात त्यांचा उद्धार केला. भाडेकरणीला पहिल्याच दिवशी कोळसा धुवायला लावणाऱ्या घरात आपण राहायचं नाही, असं संध्याकाळी यजमानांना बजावलं. त्यांनी खालच्या मडक्यातलं पाणी उकळून, निववून पेलाभर घेतलं आणि म्हणाले, "अगं, याला वासच नाही." मग मीही प्यायले. चार घोटांत माझा राग उतरला आणि आम्ही तिथेच राहिलो.

काकाजी लढाईच्या वर्षांत उत्तरेकडच्या कुठल्याशा कारखान्यात कामाला होते. लढाईत विषारी हवा सोडतील म्हणून सोजिरांच्या तोंडावर बांधायचे मुखवटे असत. त्यात भरायचा कोळसा तिथे तयार होई. नारळाच्या करवंट्या बंद डब्यात जाळायच्या, मग तो कोळसा लालभडक तापवून त्यात वाफ सोडायची. त्याने कोळशाच्या अंगाला डोळ्यांना न दिसणारी असंख्य भोकं पडतात आणि त्यात विष अडकून बसतं. अशा कोळशाला साहेब इंग्रजीत काहीतरी लांबलचक म्हणायचा. काकाजींनी तिथल्या बंगाली बाबूला अर्थ विचारला. त्याने हिंदीत सांगितलं, "मतलब, जगा हुआ." लढाई संपली, कारखाना बंद झाला. काकाजी तेवढा एक शब्द घेऊन गोंदियाला परत आले. जागता कोळसा.

"चुलीतला कोळसा झोपला रायते, सूनबाई," ते मला समजावत. "त्याचे भोकं बंद रायतेत. लाल करा, वाफ पाजा, मंग तो डोळे उघडते."

हे सांगताना त्यांचा आवाज खाली येई, जणू शेजारच्या खोलीत खरंच कोणी झोपलेलं आहे.

कोळसा निवडण्यात त्यांचं अर्धं आयुष्य जात असावं असं मला वाटे. गोंदियात धानाच्या कोंड्याचे डोंगर पडलेले असत. तोच जाळून कोळसा करता आला तर घरोघरी फुकट पुरवता येईल, हे त्यांचं स्वप्न होतं. कितीतरी वेळा जाळला आणि दर वेळी तोंड वाकडं करून फेकून दिला. राखच फार, अंगात दम नाही, असा त्यांचा निकाल. मग पोतं घेऊन पॅसेंजरने सालेकशाला जात. तिथल्या जंगलात कोळसा पाडणाऱ्या गोंडांशी त्यांची दोस्ती होती. दोन तुकडे एकमेकांवर आपटून कानाशी नेत. खणखणीत वाजला तर ठेवत, फुसका वाजला तर परत. मग तुकडा जिभेवर. जिभेला चिकटला म्हणजे भोकं उघडी आहेत, नुसता गार लागला तर उपयोग नाही. एखादा गोंडही मान हलवत आपल्या जिभेवर तुकडा ठेवून बघायचा, म्हणे. पण काकाजींचं मन शेवटी करवंटीवरच होतं, आणि गोंदियात नारळ फुटणार तो मारुतीपुढे. म्हणून शनिवारी ते देवळाच्या पायरीशी पोतं पसरून बसत. येणाऱ्याजाणाऱ्याला वाटे, हा बुवा करणी करतो. बायका लेकरांना पदराखाली घेऊन त्यांच्यापासून लांबून जात. काकाजींना त्याचं काहीच वाटत नसे, त्यांचं लक्ष करवंट्यांवर.

एकदा मात्र त्यांनी गल्लीचा रोष ओढवून घेतला. आमच्या ओट्यावर बायका बसल्या होत्या. काकाजी सहज म्हणाले की कोळसा हाडाचाही होतो, आणि साखरेचा रंग काढायला कुठे कुठे तोच वापरतात. त्यानंतर गल्लीत बरेच दिवस गुळाचा चहा होत होता आणि माझ्या मडक्यांकडेही बायका संशयाने बघत होत्या. मला घरोघर जाऊन शपथेवर सांगावं लागलं की हा कोळसा मारुतीच्या नारळाचा आहे. ते ऐकल्यावर त्याच बायका तो मागायला लागल्या. काकाजींना जे वर्षभर बोलून जमलं नव्हतं ते असं झालं.

कोळसा दिला की काकाजींचं काम संपत नसे, तिथून सुरू होई. त्यांच्या सदऱ्याच्या खिशात शाईची दौत असायची. कुठल्याही घरी अवेळी येत, पेलाभर पाण्यात शाईचा थेंब टाकत आणि ते निळं पाणी कोळशाच्या मडक्यात ओतत. खाली पांढरं स्वच्छ पाणी उतरलं तर मान डोलवून निघून जात. त्यात निळसर झाक दिसली की म्हणत, "झोपला." मग तो कोळसा काढून टाकायचा आणि नवा घालायचा, तिथे कोणाची गय नसे. झोपलेला कोळसा नुसता निकामी नाही, तर अडकवलेली घाण परत सोडतो, त्यात किडे-जंतू घर करतात, असं त्यांचं सांगणं होतं. त्यांच्या पांढऱ्या धोतरावर शाईचे डाग असत आणि ते डाग धुऊन काढायच्या भानगडीत ते पडत नसत.

आणि सगळ्यांवर ताण होता तो उकळण्याचा हट्ट. "कोळसा वास खाते. हैजा नाई खात," हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं की माझ्या स्वप्नात यायचं. हैजा म्हणजे पटकी. आधी गाळायचं, मग खदखदा उकळायचं, मग झाकायचं. उलटं केलेलं त्यांना चालत नसे. ज्या घरी उकळत नाहीत त्या घरचा कोळसा ते परत उचलून आणत. लोक म्हणत, दिलेलं परत नेतो, कसला माणूस. काकाजी म्हणत, वास गेला म्हणून माणूस बेफिकीर होतो, त्यापेक्षा घाण वास आलेला बरा, निदान भीती राहते.

एवढ्या कडक माणसाचा एकच हळवा कोपरा होता. त्यांची मुलगी मंजुळा. बायको लवकर गेली, मुलीला त्यांनी एकट्याने वाढवलं. ती तिरोड्याकडे, बोदलकशाच्या बाजूला एका गावात दिली होती. तिच्या सासरच्या पूर्वजांनी गावचा तलाव बांधला होता आणि त्या तलावाच्या पाण्यावर गावाचं धान पिकत होतं. काकाजींना त्या सोयरिकीचा फार अभिमान होता. मंजुळा बापासारखीच उंच, बोलायला कमी. ती माहेरी आली की काकाजी हात साबणाने घासून घासून धूत. तरी नखांत काळं राहायचंच, आणि ती त्यांचा हात हातात घेऊन काडीने ते काळं काढत बसायची. त्या वेळी काकाजी कोणालाही ओळख दाखवत नसत.

मंजुळेचा मुलगा पावलं टाकायला लागला त्या उन्हाळ्यात काकाजी मडकी आणि कोळशाच्या पोटल्या घेऊन तिच्या गावी निघाले. शाळेला सुट्टी होती, मला तलाव बघायची हौस, म्हणून आम्ही दोघंही बरोबर गेलो. तलाव उन्हाने आटून काठापासून आत सरकला होता. पाण्याला कुजल्या पानांचा वास येत होता आणि गाव तेच पाणी पीत होतं. काकाजींनी पडवीत घडवंची मांडली. गावातल्या बायका जमल्या. वरून हिरवट पाणी ओतलं आणि खालून झऱ्यासारखं पाणी ठिबकायला लागलं तेव्हा त्या बायका घडवंचीभोवती दाटल्या. मंजुळेच्या सासूने ओंजळीत घेऊन वास घेतला, चव घेतली आणि व्याह्यांना विचारलं,

"हे काय हाय जी, इवाईजी?"

"जागता कोळसा हाय," काकाजी म्हणाले.

"जागता हाय!" ती मागे वळून बायकांना म्हणाली. "जागता हाय म्हनते व!"

तिच्या आवाजात आता वेगळं काही होतं. आमच्याकडे जागता म्हणजे काय हे कोणाला सांगावं लागत नाही. देव जागता असतो, नवसाला पावतो. ती आत गेली, करंडा घेऊन आली आणि तिने मधल्या मडक्याला कुंकवाची पाच बोटं ओढली. बायकांनी हात जोडले. मी काकाजींकडे पाहिलं. मारुतीच्या पायरीवर ज्यांना लोक करणी करणारा समजत होते त्यांच्या कोळशाला आज कुंकू लागलं होतं. त्यांच्या चेहऱ्यावर मी तेवढा आनंद कधी पाहिला नव्हता. पण भान सुटलं नव्हतं. त्या सगळ्या बायकांसमोर त्यांनी मंजुळेला जवळ बोलावून सांगितलं, "माय, गाळलं का मंग उकळाचं. खदखदा. पोराले बिना उकळलेलं एक घोट देऊ नोको. अन् या दोन पोटल्या ठेव. दिवाळीले एक बदल, होळीले दुसरी." मंजुळा हो म्हणाली. सासू शेजारीच उभी होती, तिनेही ऐकलं.

परत येताना मी म्हटलं, "काकाजी, त्यांनी कुंकू लावलं."

"लावू द्या. कुंकवानं कोळसा नाई बिगडत."

मलाही ते गोडच वाटलं होतं. नंतर मंजुळेच्या सासरच्या गल्लीतल्या घराघरांतून मागणी आली आणि काकाजींनी पोतंभर करवंटीचा कोळसा पाठवला. पण मुलीच्या सासरी बापाने उठसूट जाऊ नये हा तिकडचा रिवाज. काकाजी तो पाळत. गोंदियाच्या घराघरांत दौत घेऊन हिंडणारा माणूस लेकीच्या घरी शाईचा थेंब टाकायला गेला नाही. दिवाळीला मंजुळा माहेरी आली तेव्हा त्यांनी विचारलं, "उकळून राहिली ना?" ती त्यांच्या नखातलं काळं काढत होती. मान वर न करता म्हणाली, "हो जी."

पुढच्या वैशाखात तिरोड्याकडे हैजा सुरू झाल्याची बातमी आली. तिच्या पाठोपाठ दुसरी आली, मंजुळेचा मुलगा गेला.

यजमानांच्या शाळेच्या परीक्षा होत्या. काकाजींबरोबर घरातली बाई कोणी नव्हती, म्हणून मी गेले. तिरोड्यापासून पुढे बैलगाडी. गाव दिसायला लागलं तेव्हा काकाजी म्हणाले, "पोरगं कोन्त्या पान्यानं गेलं असन, सूनबाई?" मी म्हटलं, "ती उकळत होती ना, काकाजी." त्यांनी खिशातली दौत चाचपली.

मंजुळा भिंतीला टेकून बसली होती. रडून रडून तिचे डोळे कोरडे झाले होते. दारात आणि पडवीत गल्लीतल्या बायका बसल्या होत्या. लेकीजवळ बसावं, तिच्या पाठीवरून हात फिरवावा, असं कोणत्याही बापाने केलं असतं. काकाजी सरळ पडवीतल्या घडवंचीकडे गेले. मधल्या मडक्यावर कुंकवाचे थर चढले होते, हळद होती, सुकलेली फुलं होती. त्यांनी खिशातून दौत काढली, पेलाभर पाण्यात थेंब टाकला आणि वरून ओतलं. सुतकाच्या घरात हा काय प्रकार, म्हणून बायका कुजबुजल्या. कोणी त्यांना अडवलं नाही. आम्ही सगळ्याजणी त्या ठिबकणाऱ्या पाण्याकडे बघत राहिलो. खाली निळं पाणी उतरलं. झाक नव्हे, निळंच.

त्यांनी देवघराकडे पाहिलं. त्यांनी ठेवलेल्या दोन्ही पोटल्या तिथे देवापुढे होत्या. बांधलेल्या तशाच, वर कुंकू.

"कोळसा बदलला काऊन नाई?" त्यांनी हळूच विचारलं.

सासू पुढे आली. तिचाही नातू गेला होता, तिचाही आवाज बसला होता. "जागता होता ना जी, इवाईजी. जागत्याले कोनी फेकून देते काय?"

"अन् पानी?"

"ते त तीर्थ होतं. तीर्थ कोनी उकळते काय?"

मला सगळं उमगलं. मंजुळेने सुरुवातीला उकळायला घेतलं असेल आणि सासूने हात धरला असेल. तीर्थ चुलीवर ठेवतेस, म्हणाली असेल. सून काय बोलणार? आणि माहेरी आल्यावर बापाला काय सांगणार? म्हणून तिने मान खाली घालून हो म्हटलं होतं.

तेवढ्यात मंजुळा बोलली. त्या दिवशी तिचा तो पहिला शब्द. "बाबाजी, पान्यानं गेला काय माहा लेकरू?"

नाही म्हणणं सोपं होतं. गावात हैजा होता, कुठूनही आला असता. नाही म्हटलं असतं तर त्या पोरीला थोडा तरी आधार मिळाला असता. पण दारात बसलेल्या प्रत्येक बाईच्या घरी तसंच कुंकू लावलेलं मडकं होतं, आणि प्रत्येकीचं लेकरू तेच पाणी पीत होतं. आणि हो म्हणावं, तर मंजुळेने आपल्या हाताने काय पाजलं हे तिला आयुष्यभर माहीत राहणार. त्याच घरात, त्याच सासूसमोर. काकाजी काळे हात लोंबकळत ठेवून उभे होते.

"हो माय. पान्यानंच गेला," ते म्हणाले. "कोळसा झोपला होता. मी त्याले जागता म्हटलो, ते माहं चुकलं. अन् उकळा म्हनून मी तुले सांगतलंच नाई. मीच म्हटलो होतो, या कोळशातून गेलं त उकळाचं काम नाई. हे माह्यानं झालं."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. उकळत नाहीत म्हणून दिलेला कोळसा परत आणणारा माणूस. त्या पडवीत, त्याच जागी, आम्ही सगळ्यांनी त्यांना सांगताना ऐकलं होतं. सासूनेही ऐकलं होतं. तिने पदर तोंडात कोंबला आणि ती भिंतीकडे वळली.

मंजुळा उठून उभी राहिली. बापाएवढीच उंच. "तुमी जा, बाबाजी," ती म्हणाली. "जा. अन् माह्या घरी पुन्हा येऊ नोका."

काकाजींनी मान हलवली. मधलं मडकं उचलून अंगणात नेलं आणि उपडं केलं. देवघरातल्या पोटल्याही नेल्या. मग त्या गल्लीत घरोघर गेले. प्रत्येक दारात उभं राहून तेच सांगितलं, कोळसा झोपला आहे, मी खोटं सांगितलं, फेका आणि पाणी उकळा. लोकांनी शिव्या दिल्या, एका म्हाताऱ्याने त्यांच्या अंगावर काठी उगारली. ते खाली मान घालून पुढच्या दारात जात होते. आमची बैलगाडी गावाबाहेर पडली तेव्हा घराघरांतून धूर निघत होता, पाणी चुलीवर चढलं होतं.

गाडीत मी फुटले. "काकाजी, खोटं का बोललात? मी होते तिथे. मी ऐकलं होतं."

"तिले जगाचं हाय, सूनबाई. त्याच घरात, त्याच सासूसंग. आपल्या हातानं पाजलं असं समजलं त ती जगन काय?" मग त्यांनी मला बजावलं, "तुमी कोनाले सांगाचं नाई. यजमानाले बी नाई."

मी शब्द दिला आणि पाळला. पण मला ते तेव्हा पटलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर आजही पूर्ण पटलेलं नाही. एका माणसाने केवढं ओझं घ्यावं याला काही माप असावं असं मला वाटतं. त्यांना तसं वाटत नव्हतं.

त्यानंतर काकाजींनी जागता हा शब्द कधी उच्चारला नाही. नुसतं कोळसा म्हणत. सालेकशाला जाणं, मारुतीच्या पायरीवर बसणं, दौत घेऊन हिंडणं, सगळं चालूच होतं. फक्त आता कोणी भेटलं की रामराम घालायच्या आधी विचारत, "उकळलं काय?" भर बाजारात विचारत, सायकलवरून जाणाऱ्याला थांबवून विचारत. गल्लीतली पोरं त्यांना बघितलं की एकमेकांना ओरडून विचारायची, उकळलं काय, आणि पळायची. मी एकदोघांच्या पाठीत धपाटे घातले. काकाजी मला म्हणाले, "मारू नोका. विचारून राहिले ना? विचारू द्या."

मंजुळा माहेरी येईनाशी झाली. दिवाळ्या गेल्या, अक्षय्य तृतीयेच्या अखजी गेल्या. तिला मुलगी झाल्याची बातमी काकाजींना बाजारात तिरोड्याच्या एका माणसाकडून कळली. घरी येऊन त्यांनी मला सांगितलं. आत गेले, तसेच परत बाहेर आले. "तिथं उकळत असतीन ना आता?" मी म्हटलं, "असतील, काकाजी." मला इतका राग आला होता त्या पोरीचा की बोलायची सोय नव्हती.

मग काकाजी अंथरुणाला खिळले. छातीत पाणी झालं होतं, डॉक्टरांनी आशा सोडली होती. आम्हीच त्यांचं करत होतो. मी तिरोड्याकडे जाणाऱ्या माणसाबरोबर निरोप धाडला, ती येईल असं वाटत नसताना. ती आली. दुपारची वेळ होती. मुलीला कडेवरून उतरवून तिने माझ्याजवळ दिलं आणि खाटेशी जाऊन बसली. काकाजींना ग्लानी होती.

त्यांनी डोळे न उघडता पाणी मागितलं. मी उठले.

"राहू द्या बाई. मी देतो," ती म्हणाली.

उकळून निववलेलं पाणी घरात तयार होतं. मी तसं सांगितलं, पण ती स्वैपाकघरात गेली आणि नवं पाणी गाळून चुलीवर ठेवलं. खदखदून उकळी येईपर्यंत समोर उभी राहिली. मग या भांड्यातून त्या भांड्यात ओतत निववत बसली. मला तिचा राग राहिला नव्हता, कुठे गेला कोण जाणे. पेला घेऊन ती खाटेवर बसली आणि तिने त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. काकाजींनी डोळे उघडले. समोर कोण आहे हे त्यांना कळलं की नाही, मला सांगता येत नाही. सवयीने त्यांच्या तोंडून तेच आलं.

"उकळलं काय?"

"हो जी, बाबाजी. उकळलं." तिने पदराने त्यांचं कपाळ पुसलं. "तुमी त तवाच सांगतलं होतं. साऱ्याईच्या समोर. मी आयकलं होतं."

आता त्यांनी तिला ओळखलं. तिच्याकडे बघितलं आणि मग माझ्याकडे, शब्द मोडलास का असं विचारल्यासारखं. मी मान हलवली.

"बाईनं नाई सांगतलं," मंजुळा म्हणाली. "मले पयल्या दिवसापासून माहीत होतं. मले नाई झेपत होतं, बाबाजी. तुमी आपल्यावर घेऊन राहिले होते, त मी घेऊ देलं."

काकाजींनी तोंड पेल्याकडे वळवलं.

"मंग पाज, माय," ते म्हणाले.